मूळ चित्र गेलं कुठे? (जपानी लाकडी ठशांची चित्रं)

निळी शाई

नणंद टोकियोहून येताना माझ्यासाठी जपानी चित्रकार होकुसाईची लाट घेऊन आली. तीच ती, कपावर, टीशर्टवर आणि मोबाइलच्या कव्हरवर असते ती. ही मात्र हातकागदावर लाकडी ठशांनी, हाताने घासून छापलेली आहे. ठसे जुने नाहीत. जुनी प्रत समोर ठेवून आत्ताच्या कारागिरांनी नव्याने कोरलेले आहेत.

फ्रेम करायला नेली तर फ्रेमवाले काका म्हणाले, “ओरिजिनल आहे का? असेल तर भारी काच लावतो.” मी आधी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग चित्र गुंडाळून घरी आले. घरी धाकटे दीर म्हणतात, “म्हणजे महागडी झेरॉक्सच ना, वहिनी?”

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. महिनाभर मिळेल ते वाचलं, ते इथे मांडते. चुकलं तर हक्काने सांगा.

होकुसाईने (१७६०–१८४९) लाट काढली साधारण १८३१ साली. पण त्याच्या हातचं ते रेखाटन आज कुठल्याच संग्रहात नाही, आणि असूही शकत नाही. ते कामातच खर्ची पडलं. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेघांचं चित्र काढून द्यायचा, त्याला हानशिता म्हणतात. कोरणारा तो कागद पालथा घालून खळीने चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि वरचा पापुद्रा बोटांनी अलगद चोळून काढायचा. मग रेघा स्वच्छ दिसू लागायच्या, अर्थात उलट्या. प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवायची, आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं. रेघ तेवढी उंच राहते आणि कागद लाकडाच्या कपच्यांबरोबर केरात जातो.

म्हणजे चित्र मोडल्याशिवाय पहिली प्रत निघतच नाही. मग ओरिजिनल कशाला म्हणायचं?

शिवाय हे एका माणसाचं काम नव्हे. पैसे लावणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे चौघे. लाटेचा प्रकाशक होता निशिमुराया योहाची. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ अशी मालिका काढली, ती इतकी खपली की आणखी दहा काढली, म्हणून छत्तीसची मालिका प्रत्यक्षात ४६ चित्रांची आहे. एका चित्राची किंमत किती, तर जवळपास एका वाडगाभर सोबा नूडल्सएवढी. संध्याकाळी नूडल्स खायचे की फुजी घ्यायचा, असा हिशेब एदोतला (म्हणजे आजच्या टोकियोतला) साधा माणूस करू शकत होता.

तर मंडळी, फ्रेमवाल्या काकांना काय सांगू?

---

पावटा भात

वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो. नूडल्सचा हिशेब आवडला.

---

ठसेवाला

ताई, हा आमचा विषय. कलाशाळेत दोन वर्षं मुद्राचित्रण केलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. यात छापखान्याचं यंत्र नाही, दाबाचा प्रेस नाही. ठशावर ब्रशने पाण्यातला रंग लावायचा, त्यात थोडी भाताची खळ मिसळायची, वर किंचित ओलसर कागद ठेवायचा आणि मागून बारेनने घासायचं. बारेन म्हणजे तळहाताएवढी चपटी गोल गादी. आत बांबूच्या पातीची दोरी वळून वेटोळं केलेलं असतं आणि वरून बांबूचंच पान ताणून बांधलेलं. आम्ही शिकताना स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचो. निम्म्या प्रती डागाळायच्या आणि सर म्हणायचे, “चमचा जेवायला ठेव.”

दुसरी गोष्ट म्हणजे रंग जुळवणं. दहा रंग म्हणजे तोच कागद दहा वेळा ठशावर ठेवणं आलं. अर्धा मिलिमीटर सरकला तरी होडी पाण्याबाहेर. त्यावर त्यांची युक्ती इतकी साधी की हसू येतं. प्रत्येक ठशाच्या कडेला दोन खाचा. एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी त्याच बाजूला सरळ. कागदाचा कोपरा पहिलीत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची आणि सोडून द्यायचा. या खाचांना केन्तो म्हणतात. आमच्या प्रिंटमध्ये निळा आकाशात आणि हिरवा झाडाच्या बाहेर असायचा, ते आठवून आजही कान लाल होतात.

आणि रंगांचे ठसे काढायला पुन्हा चित्रकाराकडेच जायचं. रेघांच्या मुख्य ठशावरून काही प्रती काढायच्या, प्रत्येक प्रतीवर तो एकेका रंगाची जागा दाखवून देणार. आणि त्या प्रतीही फळीवर चिकटवून कोरण्यातच जाणार. म्हणजे तुमचं ‘मूळ’ एकदा नाही, रंगागणिक मोडलं जातं.

---

शंकेखोर

लेख छान, पण निष्कर्ष सोयीचा वाटला. ‘मूळ असं काही नसतंच’ हे ऐकायला गोड आहे. मग मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात लाटेची एक जुनी प्रत २७ लाख ६० हजार डॉलरना का गेली? घेणारा वेडा होता का? त्याला आपल्या ताईंच्या नणंदेचा नंबर द्यायला हवा होता.

---

निळी शाई

@शंकेखोर, नणंदेला निरोप दिला, ती कमिशन मागते आहे.

पण मुद्दा रास्त आहे. मी ‘मूळ रेखाटन नसतं’ म्हटलं, ‘सगळ्या प्रती सारख्या’ असं नाही म्हटलं. (वाचताना तसं वाटतंय हे कबूल.)

---

ठसेवाला

शंकेखोर, लाकूड झिजतं हो. पहिल्या प्रतींत रेघ कशी सुरीच्या धारेसारखी येते, मग ती बोथट होते, जाड होते, मध्येच तुटते. लाटेच्या चित्रात वर डावीकडे नावाची चौकट आहे ना, नंतरच्या प्रतींत तिची रेघ तुटलेली दिसते. जाणकार आधी तिथे बघतात. दुसरं म्हणजे आकाशातला फिका ढग. बऱ्याच प्रतींत तो उडून गेलाय. पहिल्या प्रती काढताना छापणारा छटा हळूहळू विरत नेतो (याला बोकाशी म्हणतात), मागणी वाढली की तो वेळ कोण देणार? तेव्हा लाखो डॉलर मिळतात ते जुनेपणाला, धारेला आणि रंग टिकल्याला.

लाटेचे जुने ठसे आज उरलेले नाहीत. चेरीचं लाकूड महाग. फळी दोन्ही बाजूंनी कोरायची आणि काम संपलं की तासून पुन्हा वापरायची.

---

सोलापुरी शेंगदाणा

रंगांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून माझी भर. मी शेतीवाला माणूस, चित्रातलं कळत नाही, पण यांच्या रंगांची यादी वाचली आणि आमच्या रानात फिरून आल्यासारखं वाटलं.

जुन्या चित्रांतला गुलाबी-लाल म्हणजे बेनी, तो करडईच्या फुलांचा! आपण करडईचं तेल काढतो, फार तर कोवळ्या पाल्याची भाजी करतो आणि फूल वाऱ्यावर सोडतो. त्या पाकळ्यांत पिवळा आणि लाल दोन्ही असतात. पिवळा आधी पाण्याने धुऊन काढायचा, मग राखेच्या पाण्यात लाल उतरतो.

पिवळ्यासाठी हळद आणि हरताळ. काळा म्हणजे काजळी आणि सरस. पांढरा शिंपल्यांच्या पुडीचा. नीळ तर आहेच. पातळ निळा मात्र एका रानफुलाचा, आणि ते फूल आपल्या केन्याचं सख्खं भावंड आहे. पावसाळ्यात बांधावर केना माजतो, निळी दोन पाकळ्यांची फुलं येतात, आपण भजी करून खातो. त्यांनी त्याच्या भावकीतून आकाश रंगवलं.

फक्त तो निळा फार नाजूक. उन्हाने जातो, दमट हवेनेही जातो. म्हणून १७६०-७० च्या चित्रांतली आकाशं आणि नद्या आज मातकट दिसतात. ती तशी काढलेली नव्हती.

---

निळी शाई

@सोलापुरी शेंगदाणा, अहो काय सुंदर प्रतिसाद! केन्याचं माहीतच नव्हतं.

याच धाग्यात पुढचं सांगते, कारण माझं टोपणनावच त्यावरून आहे. होकुसाईच्या लाटेचा निळा टिकला, कारण तो फुलाचा नाही. तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, लाल रंग करता करता अपघाताने सापडलेला कृत्रिम निळा, प्रशियन ब्लू. नागासाकीच्या बंदरातून जपानात आला. तिकडे त्याला ‘बेरो’ म्हणत, बर्लिनवरून. १८३० च्या सुमारास तो स्वस्त झाला आणि छत्तीस दृश्यांत होकुसाईने बाह्यरेषासुद्धा काळ्याऐवजी निळ्या छापवल्या. नंतर जोडलेल्या दहा चित्रांत रेघा पुन्हा काळ्या आहेत, त्यावरून ती चटकन ओळखू येतात.

जगातलं सर्वांत ‘जपानी’ चित्र बर्लिनच्या रंगात आहे. आणि आता तीच लाट जपानच्या हजार येनच्या नोटेवर (जुलै २०२४ पासून).

---

मधली सुट्टी

एक बाळबोध प्रश्न. ती त्सुनामी आहे ना?

---

टोकियोतला बंड्या

नाही. नावाचा साधारण अर्थ ‘कानागावाच्या समुद्रात, लाटेच्या पोटात’. त्सुनामी हा शब्द त्यात नाही. तीन होड्या आहेत त्या ताजी मासळी बाजारात पोचवणाऱ्या वेगवान होड्या.

एक गंमत बघा. पारंपरिक जपानी लिहिणं-वाचणं उजवीकडून डावीकडे. तिथला माणूस चित्रात उजवीकडून शिरतो, होड्यांबरोबर वल्हवत जातो आणि लाट त्याच्या तोंडावर येते. आपण डावीकडून वाचणारे, आपण लाटेवर बसून होड्यांवर जाऊन आदळतो. मी हे कळल्यावर चित्र आरशात धरून बघितलं. करून बघा, पोटात गोळा येतो.

अवांतर: इथे र्‍योगोकुला होकुसाईचं संग्रहालय आहे, २०१६ साली उघडलं. तो त्याच भागात जन्मला. पण आयुष्यात ९३ घरं बदलली म्हणतात, तेव्हा टोकियोत कुठेही उभे राहिलात तरी तो शेजारीच राहिला असणार.

---

पावटा भात

९३ घरं!! आणि इथे एक भाडेकरार संपला की आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी.

---

ठसेवाला

होकुसाईचं एक पत्र आहे, ते या धाग्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. स्वतः तो पोरवयात लाकूड कोरायला शिकला होता, १८-१९ व्या वर्षी चित्रकाराकडे गेला. त्यामुळे कोरणारा कुठे हात मारतो हे त्याला पक्कं ठाऊक. म्हातारपणी प्रकाशकाला लिहितो: मी खालची पापणी काढलेली नसेल तर कोरणाऱ्याने ती आपल्या मनाने घालू नये. पुढे नाकं काढून दाखवलीयेत, ही माझी, आणि ही तुमचा माणूस कोरतो ती, उतागावा या दुसऱ्या चित्रकार घराण्याची, ती मला नकोत.

शंकेखोरांना आवडेल असा मुद्दा आहे. चित्रकाराच्या लेखी एक मूळ होतं, आणि ते बिघडलेलं त्याला खपत नव्हतं.

---

शंकेखोर

आभारी आहे. नाकाने का होईना, बाजू आमची वर आली.

---

गोड आवाज

मला वाटतं हे बंदिशीसारखं आहे. बंदिश एक, पण प्रत्येक गायक...

---

शंकेखोर

आलीच का बंदिश! प्रत्येक धाग्यात २० व्या प्रतिसादाच्या आत येते. बंदिश कागदावर शाबूत राहते हो, इथे कागदच चुलीत गेलाय.

---

निळी शाई

भांडू नका. आता मला सापडलेली सर्वांत भारी गोष्ट ऐका.

होकुसाईने १८२० ते १८४० च्या दरम्यान एका चित्रकोशासाठी छोटी छोटी रेखाटनं केली. पोस्टकार्डाएवढी, कोरायला तयार. कोणत्या तरी कारणाने ते पुस्तक निघालंच नाही. पुस्तक निघालं नाही म्हणून रेखाटनं फळीवर चिकटली नाहीत, आणि चिकटली नाहीत म्हणून वाचली! अशी १०३ रेखाटनं ब्रिटिश म्युझियमने २०२० साली घेतली. त्यांच्या संकेतस्थळावर सगळी बघता येतात, नक्की बघा. यशस्वी झालेल्या पुस्तकांची रेखाटनं केरात गेली आणि फसलेल्या पुस्तकाची आज काचेखाली आहेत. लग्न मोडलं म्हणून शालू नवा राहिला, तसं काहीतरी.

यात भारतही आहे. कोसलचा राजा विरूढक (आपल्याकडच्या पाली कथांतला विडूडभ, शाक्यांचा संहार करणारा) वीज पडून मरतो ते दृश्य आहे. वीज नुसती पडत नाही, कागद फाडून बाहेर येते. होकुसाई भारतात काय, जपानबाहेरही गेला नव्हता, तेव्हा सामान्य माणसाला देशाबाहेर जायची बंदीच होती. बुद्धकथा मात्र समुद्र ओलांडून त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या.

---

वेरूळची वाट

भारताचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. आमच्या जिल्ह्यात खरोखर आलेला एक ठसाचित्रकार आहे, योशिदा हिरोशी (१८७६–१९५०). १९३० च्या हिवाळ्यात तो मुलाला, तोशीला, बरोबर घेऊन भारतात आला. हिमालय, काशी, उदयपूर, आग्रा करत आमच्याकडे अजिंठा-वेरूळलाही. परत जाऊन १९३१-३२ मध्ये भारत आणि आग्नेय आशियाची मालिका छापली, त्यात अजिंठा आणि वेरूळ दोन्ही आहेत. ताजमहालची सहा चित्रं आहेत, वेगवेगळ्या वेळची.

मी लहानपणापासून लेणी बघतेय. फोटोत तिथला दगड कधी खरा दिसत नाही, एक तर काळा नाहीतर पांढरा. योशिदाने उन्हातला दगड आणि सावलीतला दगड वेगळा दाखवलाय, आणि सावलीतही उजेड आहे. हे लाकडाच्या ठशाने कसं जमलं ते ठसेवाल्यांनी सांगावं.

याच्या बाबतीत शंकेखोरांचा प्रश्नही जरा सुटतो. हा जुन्या पद्धतीच्या उलट वागला. १९२५ पासून स्वतःचाच कारखाना, कोरणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या डोक्यावर स्वतः उभा, काही ठसे स्वतः कोरलेले. आपल्या देखरेखीखाली निघालेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’ असा शिक्का, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’. कुठे योशिदा विकत घ्यायची वेळ आली तर आधी समास बघा.

---

ठसेवाला

@वेरूळची वाट, उत्तर एका शब्दात द्यायचं तर थर. एकाच जागी पातळ रंग पुन्हा पुन्हा छापत जायचं. पूर्वी दहा-बारा छापांत काम व्हायचं, योशिदाच्या चित्रांना त्याच्या कितीतरी पट छाप लागत. शिवाय तेच ठसे आणि रंग वेगळे, अशी त्याची खोड. १९२६ ची ‘शिडाच्या होड्या’ बघा. ठसे तेच, आणि सकाळ, दुपार, धुकं, रात्र अशी सहा चित्रं. यातलं मूळ कोणतं, सांगा बघू!

---

आजोबा ठाणे

अजिंठ्यावरून आठवलं. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकलांना जणू शापच आहे. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत. १९१७-१८ च्या सुमारास अराई कांपो वगैरे जपानी चित्रकारांनी केल्या, त्या जपानात नेल्या आणि १९२३ च्या भूकंपात गेल्या. त्याच भूकंपाच्या आगीत टोकियोतल्या वातानाबे या प्रकाशकाचं दुकान आणि ठसे जळाले, त्यात योशिदाची सुरुवातीची चित्रंही होती.

नकला तीनदा गेल्या, अस्सल मात्र डोंगरात जागेवर आहे. तेही झिजतंय, ते वेगळं.

दुसरं, आमच्या लहानपणी घरोघरी रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती असायची. त्याचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला, पुढे मळवलीला. तीही स्वस्त, तीही सामान्यांच्या भिंतीवर. पण तिथे दगडावरची छपाई आणि मागे एक तैलचित्र शिल्लक असायचं. त्यामुळे ‘छापील रविवर्मा’ हा कायम गरिबाचा रविवर्मा राहिला. जपान्यांच्या छापील चित्रामागे श्रीमंताचं असं काही नव्हतंच.

---

निळी शाई

आजोबा, तुमचं शेवटचं वाक्य दिरांना वाचून दाखवलं. “बरं” म्हणाले. आमच्याकडे हा विजय समजला जातो.

---

टोकियोतला बंड्या

ताई, फ्रेमचं काय झालं? प्रशियन ब्लू टिकाऊ आहे, तरी उन्हासमोर नको. आणि मागून पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवू देऊ नका, फक्त वरच्या कडेला दोन छोट्या कागदी बिजागऱ्या.

---

ठसेवाला

अगदी. आणि फ्रेमच्या आधी एकदा चित्र उलटं करून उजेडात धरा. हातछपाई असेल तर रंग मागे झिरपलेला दिसेल आणि बारेन फिरल्याच्या गोल खुणा दिसतील. झेरॉक्समध्ये मागची बाजू कोरी असते, दिरांना सांगा.

---

निळी शाई

धरलं! अक्षरशः हात फिरवलेला दिसतोय. आकाशाच्या जागी आडवे फटके, लाटेच्या जागी छोटी छोटी वेटोळी, मागून निळं पाणी उलट्या दिशेने येतंय. बंड्या, तुमचा आरशाचा प्रयोग फुकटात झाला. दीर पाच मिनिटं खिडकीशी ते धरून उभे होते.

आज फ्रेमवाल्या काकांकडे गेले होते. म्हटलं, काका, ओरिजिनल म्हणाल तर ते दोनशे वर्षांपूर्वीच केरात गेलं, पण काच भारीच लावा. आणि मागची बाजू अशी ठेवा की उघडून बघता येईल. मग त्यांनाही उलटं करून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “मग मॅडम, लावायची कुठली बाजू?”